ठकाक्काचं चऱ्हाट

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. मला ज्या म्हातारीनं सांगितली तिलाही ते ठाऊक नव्हतं आणि तिचं त्यावाचून काही अडलं नाही. घाटमाथ्यावर खांबोली नावाची वाडी होती, आजही आहे. वाडीच्या वरच्या अंगाला पाणजाईचं देऊळ आणि देवळाच्या पायाशी झरा. त्या एका झऱ्यावर सगळी वाडी, गुरंढोरं आणि भाताची खाचरं जगत होती.

या वाडीत एक रीत होती. म्हातारपणी कुणाचे डोळे गेले, की घरची माणसं ओढ्यातून दोन पांढरे गोटे शोधून आणत. त्यांना हळदकुंकू लावून ते झऱ्याच्या मुखात ठेवत आणि म्हणत, “पाणजाई आईनं डोळे मागून घेतले.” मग त्या माणसाला मोठा मान मिळे. देवळाच्या पारावर घोंगडी अंथरून त्याला बसवत, नव्या भाताचा पहिला घास त्याला देत, लग्न ठरलं की आधी त्याच्या पाया पडत. प्रेमाचीच रीत होती ती. फक्त गेलेल्या डोळ्यांवर काही उपाय असेल, हे कुणाच्या मनात येत नसे. आणि आलंच, तर भिवा गुरव ते लगेच काढून टाकी. तो म्हणे, “वाहिलेलं माघारी मागशीला, तर झरा आटंल. मग पिशीला काय?”

याच वाडीत ठकू नावाची बाई राहायची. घायपाताचा वाख काढून त्याचे दोर वळणं हा तिचा धंदा. नवरा लवकर वारलेला. घरात सुंदरा नावाची लहान मुलगी आणि पारावर आई, बयनाबाई. बयनाबाईचे डोळे सुंदराच्या जन्माआधीच गेले होते. ती रोज नातीला मांडीवर घेई आणि तिचं कपाळ, नाक, हनुवटी बोटांनी चाचपत बसे. वाडीला वाटे, म्हातारी किती सुखात आहे. पण एकदा तिनं लेकीचा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, “ठके, हा मान नगं मला. ह्या पोरीचं त्वांड एकदा दिसू दे. मग आईला मला न्यायचं असंल तिकडं नेऊ दे.”

ठकूच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला. काम करताना तिचा पीळ सुटायला लागला.

दोर विकायला ती घाट उतरून खालच्या बंदरात जाई. तिथं एक म्हातारा कोळी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक होता. त्याला दिसत नसे, तो दोर हातानं चाचपून घेई. त्या खेपेला मात्र त्यानं दोर उन्हात धरला, डोळ्यांपुढं आणला आणि म्हणाला, “ह्यो पीळ कच्चा हाय गं बाय!” दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर ठकूनं त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. आज ती त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. त्याच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता. बंदरात डोळ्यांचा डॉक्टर आलाय, तो मोतीबिंदू काढतो, एवढं कळल्यावर तिनं दोर तिथंच टाकले आणि धावत घाट चढली.

वाडीत कुणी तिला साथ दिली नाही. तेव्हा तिनं नवं चऱ्हाट वळलं. एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, मागं हातात धरायला गाठ मारली, ती गाठ आईच्या मुठीत दिली आणि सुंदराला शेजारणीकडे ठेवून ती घाटाला लागली. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये पायाखाली जेमतेम वाट. म्हातारीचा पाय जिथं निसटे, तिथं चऱ्हाट आपोआप ताठ होऊन तिला सावरून धरी, असं म्हणतात. खाली कमळजाईच्या खिंडीत एक अस्वल वाटेवर बसलं होतं. आंधळी म्हातारी येताना बघून ते उठून बाजूला झालं, असंही म्हणतात. ते मी काही पाहिलेलं नाही, पण त्या वाटेला अस्वलं होती एवढं खरं.

डॉक्टरनं बयनाबाईच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला उताणं निजवलं आणि हलू नकोस म्हणून सांगितलं. ठकू तिच्या पायाशी बसून राहिली. पट्टी सुटली, चष्मा चढला, आणि म्हातारी आधी लेकीकडे बघून म्हणाली, “किती वाळलीस गं!” मायलेकी तिथंच गळ्यात पडून रडल्या.

घरी आल्यावर सुंदरानं तो चष्मा पाहिला आणि भोकाड पसरलं. बयनाबाईनं तिला पोटाशी धरलं, मग लांब धरून न्याहाळलं, पुन्हा पोटाशी धरलं. “सगळं आपलं हाय,” ती म्हणाली, “नाक तेवढं जावयाचं.” आणि हसता हसता तिच्या चष्म्याखालून पाणी वाहायला लागलं.

पण उन्हाळा होता, आणि झऱ्याची धार बारीक झाली होती. ती दर उन्हाळ्यालाच होई. या वर्षी मात्र त्याचं कारण वाडीला लगेच सापडलं. ठकूची घागर कुणी झऱ्यावर टेकू देईना. बायका तिला बघून पदर सावरत आणि वाट बदलत. सुंदरा तहानेनं रडायला लागली, तेव्हा बयनाबाई उठली, काठी टाकून दिली आणि सगळ्यांदेखत झऱ्यात उतरली.

तिनं वाकून झऱ्याच्या मुखात पाहिलं. वाडीतल्या डोळसांनी कधी असं पाहिलंच नव्हतं, वाहिलेल्या डोळ्यांकडे टक लावून बघायचं नसतं म्हणून. आत गोट्यांचा ढीग होता. आजे, पणजे, खापरपणजे, साऱ्यांचे गोटे एकावर एक बसले होते, शेवाळानं सांधले होते, आणि त्यांच्या फटींतून पाणी कसंबसं बाहेर येत होतं.

“अगं माझ्या आई,” बयनाबाई म्हणाली, “केवढं हे तुझ्या नरड्यात कोंबलंय आम्ही!”

“म्हातारे, हात लावू नगंस!” भिवा गुरव वरून ओरडला. “वाडी बुडंल!”

म्हातारी कचरली. खरंच आटला तर? साऱ्या वाडीचा तळतळाट लागेल, लेकीला गाव सोडावं लागेल. ती तशीच वाकलेली राहिली. तेव्हा ठकू पाण्यात उतरून तिच्या शेजारी उभी राहिली. ती म्हणाली, “आये, तुझे काढ. दुसऱ्याच्याला हात लावू नगं. आईनं मागितलं नव्हतं, आपुनच दिलं हुतं.”

बयनाबाईनं आपले दोन गोटे ओळखले, ठकूनं सांगितलेली तांबडी रेघ एकावर होती. तिनं ते उचलले. आत काहीतरी गडगडलं, ढीग हलला, आणि बोटाएवढी धार मनगटाएवढी झाली. पाणी पायऱ्या चढून देवळाच्या उंबऱ्याला लागलं, असं म्हणतात. मला सांगणारी म्हातारी तर म्हणायची की पाणजाईनं मोठा सुस्कारा टाकला आणि तो खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी ठकूच्या दारात पहिला माणूस येऊन उभा राहिला तो भिवा गुरवाचा आंधळा बाप. मागं खाली मान घालून भिवा.

मग काय! ठकूची ठकाक्का झाली. तिनं चऱ्हाट वाढवत नेलं, माणसागणिक एक गाठ. पुढं ती, मागं गाठी धरून म्हातारे-म्हाताऱ्या, शेवटी कुणी एक धडधाकट गडी. आजूबाजूच्या वाड्यांमधूनही लोक यायला लागले. कितीही माणसं आली तरी एक गाठ शिल्लकच असायची, असं म्हणतात. परत आलेलं माणूस आपले गोटे काढी, आणि झरा वाढत जाई. पार रिकामा होत गेला. तिथं मुलं खेळायला लागली.

तरी काही जण राहिलेच. अंथरुणाला खिळलेले, घाट उतरूच न शकणारे. मग ठकाक्का एकदा बंदरावर डॉक्टरपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आंधळ्यांनी घाट उतरायचा आन् डोळसानं खाली बसून ऱ्हायाचं, ही कुठली तऱ्हा वो?”

डॉक्टर भला माणूस. हसला आणि पेटी घेऊन निघाला. पण कड्यापाशी दरी बघून त्याचे डोळे फिरले. त्यानं ते गच्च मिटून घेतले आणि चऱ्हाटाची गाठ धरून, आंधळ्यासारखा, तो खांबोलीला पोचला. वाडीनं पुढं कितीतरी वर्षं त्याची त्यावरून थट्टा केली.

देवळात दवाखाना मांडला. सगळ्यांचं आटोपल्यावर डॉक्टर सहज म्हणाला, “ठकाक्का, तुम्हीही बसा.” तिनं बसायला पाऊल टाकलं आणि तिचा खांदा बाजूच्या खांबाला लागला. डॉक्टरनं तिचे डोळे पाहिले. बराच वेळ पाहिले.

तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. कडेकडेनं नजर खात येतो तो, दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही. वेळीच कळलं तर उरलेली तेवढी राखता येते. ठकाक्काची ती वेळ निघून गेली होती.

“इतकी माणसं माझ्यापर्यंत आणलीत,” डॉक्टर म्हणाला. “स्वतःचे डोळे एकदाही का नाही दाखवलेत?”

“मला दिसत हुतं की,” ठकाक्का म्हणाली.

पुढं तिला पार दिसेनासं झालं. वाडीनं तिच्या नावानं गोटे आणू का म्हणून विचारलं, तर तिनं हात जोडून नको म्हटलं. घाट तिच्या पायांना पाठ होता. ती शेवटपर्यंत चऱ्हाटाच्या पुढच्या टोकाला चालत राहिली आणि तिच्या मागचं एकही माणूस कधी दरीत गेलं नाही, असं म्हणतात.

आता खांबोलीला डांबरी रस्ता आहे. शिमग्याच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी वर येते. त्या दिवशी वाडीत रानात कुणी जात नाही, चूल उशिरा पेटते. आणि रांगेत सगळ्यांत पुढं उभे राहतात ते चांगले डोळे असणारे. नांगर धरणारे गडी, सुया ओवणाऱ्या बाया, सगळे. दर वर्षी एखादी नवी डॉक्टरीण गोंधळते. विचारते, “काय त्रास होतोय?”

“काय नाय,” ते म्हणतात. “दिसतंय, म्हणून आलोय. ठकाक्काच्या नावानं बघा.”