शेवट सांगायचा नाही

सिनेमा कसा आहे, हे तुम्ही तिकीट काढण्याआधी दुसऱ्याला विचारता का हो? विचारत असाल, तर ही धाकूची गोष्ट आधी ऐका.

समुद्राकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा तरुण राहत होता. जन्मला कोळ्याच्या घरी, पण होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायचं. म्हणून आईने त्याला 'दैनिक किनारा'च्या वामनरावांकडे कामाला लावलं. धाकूचा जीव हिराजी तांडेलाच्या चांगुणावर होता. हिराजी म्हणाला, "नारळी पौर्णिमेपर्यंत नोकरी टिकवून दाखव. पोर तुझी."

त्याच दिवसांत गावच्या टॉकीजला आरमारी लढाईचा सिनेमा लागला, 'दर्याची तोफ'. शहरातल्या एका टीकाकाराने लिहिलं होतं, सिनेमात लढाई फार आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, लढाई फार कमी आहे. दोघेही मोठे विद्वान. दोघेही फुकट पासावर बसलेले.

वामनराव म्हणाले, "आपल्या पेपरातही परीक्षण हवं. धाकू, जा आणि दिसेल ते लिही."

धाकू गेला. दिसलं ते लिहून आणलं. 'पुढे एक फेटेवाले गृहस्थ होते. त्यांच्या डाव्या बाजूने थोडा समुद्र दिसला. पंखा बंद होता. पडद्यावर एक पाल होती. तोफ उडाली तरी ती हलली नाही. पाल शूर आहे.'

वामनरावांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, टीकाकाराने दोष काढायचे असतात! आवडलं म्हणालास की लोकांना वाटतं, याला काही कळत नाही."

"बरं," धाकू म्हणाला. "यापुढे दोष काढीन."

दुसऱ्या दिवशी मुलगी बघायचा कार्यक्रम होता. चांगुणाने पोह्यांची बशी पुढे केली. हिराजीने कौतुकाने विचारलं, "कसे झालेत पोहे?"

"सुरुवात रेंगाळते," धाकू म्हणाला. "मध्यंतरानंतर मीठ जास्त होतं. खोबरं उगाच घुसडलंय. मुलीची बाजूही थोडी कमकुवत आहे."

चांगुणाने बशी उचलून नेली. हिराजीचे डोळे लाल झाले. पण शब्द दिला होता.

वामनरावांच्या कानावर हे गेलं. "अरे गाढवा, लोकांच्या घरी गेल्यावर चार गोड शब्द बोलावेत! तोंडभरून स्तुती करावी!"

"बरं," धाकू म्हणाला. "यापुढे स्तुती करीन."

पुढच्याच आठवड्यात सरपंचांचे वडील वारले. शोकसभेत पेपरातर्फे धाकूला बोलायला उभं केलं. धाकू म्हणाला, "अतिशय देखणा कार्यक्रम! सरपंचांनी रडण्याचं काम तर अप्रतिम केलंय. सर्वांनी सहकुटुंब बघावा. याच घरात असे कार्यक्रम वरचेवर होवोत!"

वामनरावांनी त्याला मागच्या दाराने पळवून आणलं म्हणून तो वाचला. "अरे, स्तुती नको, दोष नको! नुसतं काय घडलं ते सांग. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. सरळ."

"बरं," धाकू म्हणाला. "यापुढे सगळं सांगीन."

आणि त्याने 'दर्याची तोफ' पुन्हा पाहिला. लाटा आल्या की खुर्ची घट्ट धरून बसला. मग लिहिलं. शत्रू कुठून येतो, तोफ कुणी बिघडवली, शेवटी नायकाचं जहाज कसं बुडतं आणि तो जातो की वाचतो, सगळं. गावाने ते घरबसल्या, चहाबरोबर वाचलं. संध्याकाळी टॉकीजमध्ये मालक मोतीशेठ आणि ती पाल, एवढेच हजर होते.

मोतीशेठ पेपराच्या कचेरीत येऊन रडले. "माझं दिवाळं निघालं हो! आता कोण येणार? याला काढून टाका, नाहीतर माझी जाहिरात बंद!"

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. धाकूने वामनरावांचे पाय धरले. "काका, एकदा माफ करा. चांगुणाचा प्रश्न आहे."

वामनराव विरघळले. "नीट ऐक. ही शेवटची संधी. जहाज बुडायला लागलं की तोंडाला कुलूप लावायचं. शेवट कुणालाही सांगायचा नाही. कितीही विचारलं तरी नाही. ज्याला बघायचंय तो स्वतः जाऊन बघेल. कळलं?"

"बरं," धाकू म्हणाला. "शेवट सांगणार नाही."

नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी धाकू जेटीवर गेला. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली हिराजीची होडी रंगरंगोटी करून त्याच दिवशी पाण्यात उतरवली होती. होडीत कुणी नव्हतं. एक फळी सुटली होती आणि पाणी भसाभसा आत येत होतं. धाकूने नीट बघितलं आणि तो घराकडे वळला.

वाटेत हिराजी आपल्या अंगणात पताका ओवत बसला होता. "काय रे, जेटीवरून आलास? माझी होडी बघितलीस?"

"बघितली."

"कशी दिसते?"

"सुरुवात फार चांगली आहे. रंगसंगती छान."

हिराजी खूश झाला. पोहे तो विसरला. "मग?"

"मग हळूहळू पकड घेते. पाण्याचं काम तर अगदी खरं वाटतं."

"पाण्याचं? म्हणजे काय? पुढे काय झालं?"

धाकूने तोंडावर बोट ठेवलं. "मामा, ते नाही सांगणार. तुम्ही स्वतः बघा."

"पोरगं सुधारलं," हिराजी आत बायकोला म्हणाला आणि दुसरी पताका ओवायला घेतली.

धाकूने कचेरीत जाऊन तेच सगळं लिहून दिलं. वामनरावांनी तपासलं. शेवट कुठेही फुटला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पहिल्या पानावर घेतलं. मथळा दिला, 'जेटीवर थरारक जलनाट्य. शेवट प्रत्यक्षच पाहा!'

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचून सगळा गाव जेटीवर लोटला. पाण्याबाहेर फक्त डोलकाठी होती आणि तिच्या टोकावर कावळा बसला होता. धाकू नवा सदरा घालून हिराजीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, नारळी पौर्णिमा आली. नोकरी आहे." हिराजीच्या हातात समुद्राला वाहायचा नारळ होता. त्याने तो नेम धरून फेकला. समुद्रात नाही.