मधली कोरी जागा

“आणि या दोन्हींच्या मधे?” भंतेजींनी विचारलं.

उत्पला मेश्राम वाचता वाचता थांबली. तिच्या हातात दोन छापील पानं होती. पवनीला वैनगंगेच्या काठी असलेल्या विहारात, सकाळचं वंदन आटोपल्यावर, ती भंतेजींसमोर चटईवर बसून आपलं भाषण वाचून दाखवत होती.

“मधे काही नाही, भंतेजी. पुण्याची नोकरी संपली, मग मी प्रोग्रॅमिंग शिकले.”

“बरं. पुढे वाच.”

ती पुढे वाचू लागली.

उत्पला अडतीस वर्षांची. नॉर्वेत ट्रॉन्डहाइम नावाच्या शहरात राहते. फेरीबोटींचं वेळापत्रक सांभाळणारे प्रोग्रॅम लिहिणं हे तिचं काम. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर ती गावी आली होती. विहाराच्या अभ्यासिकेत तीस-पस्तीस मुलंमुली निरनिराळ्या परीक्षांची तयारी करत. त्यांच्यासमोर तिने दुपारी चारला बोलावं असं ठरलं होतं. विषय तिनेच दिला होता : ‘माझी यशाची वाटचाल’.

विमलबोधी भंतेजींकडे ती लहानपणी दर रविवारी गाथा शिकायला यायची. म्हणून आधी त्यांना ऐकवायला आली. त्यांनी शाबासकी द्यावी, असंही मनात होतंच.

भाषण नेटकं होतं. त्यात प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीची पायरी होती. गावातल्या जलशाचे पडदे रंगवले, त्यातून रंग कळले. रंग कळले म्हणून नागपूरला चित्रकला शिकायला गेले. तिथून मुलांच्या मासिकातली चित्रं, मग पुण्याचा ॲनिमेशन स्टुडिओ, मग प्रोग्रॅमिंग, मग हैदराबाद, आणि हैदराबादहून थेट नॉर्वे.

भंतेजी डोळे मिटून ऐकत होते. एक परिच्छेद संपला की विचारत, “आणि मधे?”

तीनदा विचारलं. तीनदा ती म्हणाली, विशेष काही नाही.

चौथ्यांदा तिला राग आला. आवाज न चढवता ती म्हणाली, की भाषणाला अर्धाच तास आहे. सगळंच सांगत बसले तर मुलं कंटाळतील. त्यांना उपयोगाचं तेवढंच सांगायला हवं.

भंतेजींनी हात पुढे केला. तिने पानं दिली.

त्यांनी दोन्ही पानं वरपासून खालपर्यंत पाहिली. मग पहिलं पान तिच्याकडे फिरवलं आणि त्यावर बोट ठेवलं.

“हे वाच.”

बोट दोन परिच्छेदांच्या मधल्या कोऱ्या जागेवर होतं.

“इथे काही लिहिलेलं नाही, भंतेजी.”

“हो. हे वाच.”

…

बाहेर कुणीतरी दानाची भांडी घासत होतं. तो आवाज थांबला. मग उत्पलाने खरंच त्या जागेकडे पाहत, वाचल्यासारखं, सांगायला सुरुवात केली.

पुण्याची नोकरी संपली नव्हती. तिला काढलं होतं. स्टुडिओत इतर जण दिवसाला तीन-तीन पार्श्वभूमीची चित्रं उरकत. हिला एका झाडाला दोन दिवस लागत. एका शुक्रवारी साहेबांनी बोलावून सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. ती सामान बांधून चंद्रपूरला भावाच्या खोलीवर गेली. भाऊ, प्रसेनजित, तिथल्या वीजकेंद्रात कामाला होता. त्याच्याकडे ती आठ महिने राहिली. दुपारी बारापर्यंत झोपायची. पेन्सिलीला हात लावला नाही. दर रविवारी आईचा फोन यायचा, तेव्हा पेपरात पुण्याचं हवामान पाहून ठेवायची आणि सांगायची, इकडे आज पाऊस आहे, इकडे आज ऊन पडलंय…

“आणि प्रोग्रॅमिंग?”

“ते शिकायचं म्हणून शिकले नाही,” ती म्हणाली. “कागदावर काढायची भीती बसली होती. भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर काढलेलं पुसलं, की मागे काही राहत नाही. म्हणून त्यावर एक पाखरू काढलं. ते उडावं असं वाटलं. अकरा दिवस ते जागचं हललं नाही. बाराव्या दिवशी एक पंख हलला. एकच.”

भंतेजींचं बोट खालच्या कोऱ्या जागेवर सरकलं.

तिथलंही तिने वाचलं. नॉर्वे थेट मिळालं नव्हतं. दोन कंपन्यांनी नाकारलं, तिसरीने घेतलं. पहिल्या हिवाळ्यात दुकानात पुड्यांवरची भाषा कळेना. साखर म्हणून मीठ आणलं. खारट चहा तिने अख्खा कप भरून प्यायला, कारण हसून सोडून द्यायला सोबत कुणी नव्हतं. भाषेच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. भाषणात मात्र लिहिलं होतं, ‘तेथील भाषा आत्मसात केली’.

सगळं सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण भिंतीला टेकून बसलोय. मघाशी भाषण वाचताना ती पाठ ताठ ठेवून बसली होती.

“पण हे दुपारी बोलता येणार नाही,” ती म्हणाली. “आई पहिल्या रांगेत असेल. चंद्रपूरचं तिला अजून माहीत नाही.”

तिची आई, शेवंताबाई, विड्या वळून दोन्ही लेकरांना शिकवलेली बाई. सबंध मोहल्ल्यात सांगायची, माझी पोरगी कुठं अडखळली नाही.

“आईची भीती वाटते?” भंतेजींनी विचारलं.

“भीती नाही. तिला वाईट वाटेल.”

“किती वर्षं झाली?”

“तेरा.”

“तेरा वर्षं तू तिचं ओझं उचलून फिरतेस,” भंतेजी म्हणाले. “एकदा तिला विचार तरी, ते तिचं आहे का.”

…

चार वाजता अभ्यासिका भरली. शेवंताबाई निळ्या काठाचं पातळ नेसून पुढे बसल्या होत्या. भंतेजी मागे, दाराशी.

उत्पलाने पानं काढली आणि पहिला परिच्छेद वाचला. दुसरा वाचला. मधेच मान वर केली, तर मागच्या रांगेतली एक मुलगी वहीत उतरवून घेत होती. एक, दोन, तीन असे आकडे घालून, प्रत्येक पायरी नव्या ओळीवर.

उत्पला थांबली. पानं घडी करून टेबलावर ठेवली.

“पुण्याहून मला काढून टाकलं होतं,” ती म्हणाली.

वहीतलं लिहिणं थांबलं.

मग तिने सगळं सांगितलं. सकाळी सांगितलं होतं तसंच, पण सावकाश. आईकडे बघायचं टाळत राहिली. रविवारच्या फोनांचं आलं तेव्हा मात्र टाळता येईना. शेवंताबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. त्या रडतायत की काय, ते तिला इथून कळेना.

बोलून झाल्यावर पगार किती, हे कुणी विचारलं नाही. ती वहीवाली मुलगी उभी राहिली. तिचं नाव आम्रपाली, पोलीस भरतीत दोनदा निवड हुकलेली. तिने विचारलं, “ताई, आठ महिने झाले. मग नववा महिना कसा सुरू झाला?”

उत्पला टेबलामागून पुढे आली.

“मोठं काही झालं नाही,” ती म्हणाली. “आधी नुसती आंघोळ वेळेवर व्हायला लागली. मग भावाचा डबा मी भरायला लागले. पाखरू त्यानंतर हललं.”

आम्रपालीने ते लिहून घेतलं. या वेळी आकडा घातला नाही.

कार्यक्रम संपला तरी मुलं उठेनात. कुणी आपल्या नापास झालेल्या पेपरांचं सांगत होतं, कुणी घरी खोटं सांगून सोडलेल्या नोकरीचं. एकाने तर आपण दोन वर्षं कोणत्या परीक्षेचा अभ्यास करतोय तेच आता नक्की ठाऊक नाही, असं सांगितलं आणि सगळे हसले. तोही हसला.

गर्दी पांगल्यावर शेवंताबाई पुढे आल्या.

“मले ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“चंद्रपूरचं. तुझा भाऊ दर खेपेला लोणच्याच्या दोन बरण्या नेत होता. एकट्या माणसाले येवढं लोणचं लागते का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू पुण्याचं हवामान इतकं बरोबर सांगे,” शेवंताबाई म्हणाल्या. “कशाले मोडू म्हटलं.”

उत्पलाला आधी हसू फुटलं. मग हसता हसता डोळे भरून आले. शेवंताबाईंनी तिचं तोंड पदराने पुसलं, लहानपणी पुसत तसं, जरा जोरातच, आणि घरी येताना भाजी घेऊन ये म्हणून सांगून त्या निघाल्या.

उन्हं कलली होती. भंतेजी पिंपळाखालची पानं झाडत होते. उत्पलाने वंदन केलं आणि उठून उभी राहिली. किती तरी दिवसांनी तिला घाई नव्हती.

“भंतेजी, एक घोटाळा झाला,” ती म्हणाली. “परदेशी कसं जायचं, अर्ज कुठे करायचा, ते सांगायचं राहूनच गेलं. वेळच संपला.”

भंतेजींनी झाडू पाराला टेकवून ठेवला.

“बरं झालं,” ते म्हणाले. “आता त्यांना आपापल्या वाटेने जाता येईल.”