हुंकार कोण देतंय?

लावा पैज. ह्या गोष्टीत शेवटी एक माणूस दुसऱ्याला पाठकुळी घेऊन डोंगर चढतो. कोण कोणाला, ते आत्ताच सांगा. चुकलात तर चहा तुमच्याकडून.

"आणि तो मधेच झोपला तर?" मास्तरांनी विचारलं.

तो म्हणजे रोपवेच्या पोटातला संगणक. काडेपेटीएवढा. पाळणा कधी सोडायचा, कुठं थांबवायचा, सगळं तोच ठरवणार. त्याचा प्रोग्राम शार्दूलनं लिहिलेला. पोरगा हुशार, आणि हुशार आहे हे त्याला फारच चांगलं ठाऊक. यंत्र बिघडलं तरी माणूस मरू नये, ह्यावर त्याचं संशोधन. पोंक्षे मास्तर त्याचे गुरू. मास्तर हो म्हणले की दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या मठाकडं माणसं सोडायची, आणि शार्दूल पीएचडीवाला डॉक्टर होणार.

पहिला पाळणा मास्तरांना कबूल केलेला. गुडघे गेल्यापासून बिचाऱ्यांनी मठ खालूनच बघितलेला.

"झोपला तर पहारेकरी आहे ना, सर," शार्दूल म्हणला. "संगणकातच बसवलाय. गोष्ट ऐकणारा कसा हूं हूं करतो, तसा त्याला आतून सारखा हूं ऐकू यायला पाहिजे. आला नाही, की ब्रेक."

"हूं कोण देतं?"

"आतलं घड्याळ."

"प्रोग्राम का देत नाही?"

"त्याला कामं असतात, सर. कधी उशीर होतो, मग उगाच ब्रेक लागतो. घड्याळ कधी चुकत नाही."

मास्तरांनी फळ्याकडं बोट केलं.

मग म्हणले, पहिल्यापासून सगळं समजावून सांग. आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. वारं होतं.

शार्दूल फळ्याकडं तोंड करून सुरू झाला. खडूनं चौकोन काढले, बाण काढले. मागं घोंगडीतून हूं. आणखी बाण. हूं. पोरगं जे खुललं म्हणता... रोपवे सोडून पार विमानापर्यंत गेलं.

"मग, सर? पसंत?"

"हूं."

"सही करताय?"

घोंगडीतून हात बाहेर आला. अंगठा पुढं करून.

आता मला कुठं सही येते?

पोराची पाठ वळल्याबरोबर मास्तरांनी घोंगडी माझ्या अंगावर टाकली होती आणि डोळा मारला होता. मी तिथला रखवालदार. सांगितलं ते काम करणार.

"गेनूकाका?"

"हूं," मी म्हणलं.

"सर कुठंयत?"

मास्तर पाळण्यात जाऊन बसले होते. काठी मांडीवर, दार लावलेलं. पुढं सगळी दरी.

"सोड," ते म्हणले.

शार्दूलचा हात बटणापर्यंत गेला. तिथंच राहिला... त्यानं माझ्याकडं बघितलं. घोंगडीकडं बघितलं. मग फळ्यावरच्या घड्याळाच्या चौकोनाकडं.

"खाली उतरा, सर."

"का रे? हूं तर बरोबर येत होता."

"प्रोग्राम झोपला तरी घड्याळ हूं देतच राहणार," तो म्हणला. फळा पुसला.

मठवाल्यांकडं तो स्वतः गेला. रोपवे एवढ्यात होत नाही म्हणून सांगितलं, वर त्यांची बोलणीही खाल्ली. पदवी गेली पुढच्या वर्षावर. मास्तर मात्र हटून बसले. म्हणले, ते तुझं तू बघ, मला उद्या वर न्यायचं कबूल केलंयस.

शार्दूलनं पाठ वाकवली.

आता म्हणाल, हे तर आम्ही कधीच ओळखलं होतं. ओळखलं असेल. चहा थंड करू नका, अजून संपली नाही.

तो पुढं, पाठीवर मास्तर, मागं मी काठी घेऊन. निम्म्या वाटेवर मास्तरांची मान त्याच्या खांद्यावर पडली.

"सर... जागे आहात ना?"

काहीच नाही.

मी आपला सवयीनं मागून म्हणलं, "हूं."

तो थांबला. मागं न बघता म्हणला, "तुमचा नको, काका."

अंगातून घामाच्या धारा. पोटऱ्या लटपटतायत. खाली ठेवीना, पुढंही जाईना. मी म्हणलं, अरे जरा टेक तरी. ऐकेना. तसाच उभा...

लई वेळानं पाठीवरून आवाज आला.

"जागा आहे. चढ."