कपाळावरची राख, चोचीवरचा बलक

एका चर्चच्या मागे वाडी होती, वाडीला मेंदीचं दाट कुंपण, आणि त्या कुंपणात एक बुलबुलीण राहत असे. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादर लोकांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढत आणि उरलेली राख फणसाच्या बुंध्याशी ओतत. मग पाखरंही तिथे जमत, कपाळ टेकत आणि उपवासकाळात आपण काय सोडणार ते सांगत. त्यात भारद्वाजाचा मान पहिला. अंगावर तपकिरी शाल पांघरल्यासारखे पंख, आवाज घुमणारा. "मी महापापी आहे हो! मी यंदा पेरू सोडला!" असं म्हणून तो इतके हुंदके देई की चिमण्यांनाही रडू फुटे. "पण दादा, तुम्ही पेरू खाल्लात कधी?" खारीने विचारलं. सगळे तिच्यावरच खेकसले. मुलांनो, खरं विचारणाऱ्याला गप्प बसवायला माणसंही अशीच पुढे सरसावतात बरं!

कावळा आला तो सगळे पांगल्यावर, आणि राखेकडे न जाता थेट बुलबुलिणीपुढे. "ताई, गेल्या वर्षी तुझं अंडं मीच खाल्लं. सापाने खाल्लं ही आवईही मीच उठवली."

"तोंड काळं कर इथून!" बुलबुलीण कडाडली.

"ते काळंच आहे, ताई. जातो. पण घरट्यासाठी काड्या आणून खाली ठेवीन. घ्यायच्या की नाही, तुझी मर्जी." तो रोज काड्या ठेवी. ती त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

यंदा तिच्या घरट्यात तीन अंडी होती. नराला शिकऱ्याने झडप घालून नेलेलं. अंडी राखायला दुसरं कोणी नाही. एका दुपारी तहानेने जीव कासावीस झाला, तेव्हा तिने भारद्वाजाला हाक मारली. "दादा, पाणी पिऊन येईपर्यंत बघाल?" "निर्धास्त जा, बहिणी. मी इथेच प्रार्थनेला बसतो." ती परतली तो काय! घरटं उसवलेलं, आत एकच अंडं, आणि शेजारी धापा टाकणारा कावळा. "बघ, जुना चोर!" भारद्वाज ओरडला. "मी आडवा आलो म्हणून एक तरी वाचलं!" पाखरं कावळ्यावर तुटून पडणार, इतक्यात खार कुंपणावर चढली. "दादा, कपाळावर राख आहे, ठीक. पण चोचीवर हे पिवळं काय?"

भारद्वाज तडक फणसाकडे पळाला आणि राखेत लोळून रडू लागला. पाखरं टोचायला धावली, पण कावळा मध्ये उभा राहिला. "थांबा. मीही असलाच होतो." मग तो भारद्वाजाजवळ गेला. "बस झाली राख. जिचं खाल्लंस तिच्यापुढे जा. पाय उचलत नाहीत, मला माहीत आहे. तरी जा."

भारद्वाज राखेतून उठला. मग विहिरीवर कपाळ आणि चोच धुऊन तो बुलबुलिणीपुढे आला. हुंदका नाही, घुमारा नाही. "बहिणी, दोन अंडी मी खाल्ली. तिसरं वाचवायला हा आडवा आला, तर आळ याच्यावरच घातला."

"ऐकलं," बुलबुलीण म्हणाली. "क्षमा करायची आहे मला, पण आज जमत नाही. तू त्या शेवग्यावर बस आणि शिकरा दिसला की ओरड. एवढा मोठा आवाज दिलाय देवाने, कोणाच्या तरी उपयोगी पडू दे." तो निमूट जाऊन बसला.

मग तिने खाली उतरून कावळ्याच्या काड्या उचलल्या आणि उसवलेलं घरटं विणून घेतलं. "मला पुन्हा तहान लागली आहे," ती कावळ्याला म्हणाली. "तू बस."

कावळा बसला, पण अंड्याकडे पाठ करून. स्वतःला तो चांगला ओळखून होता.

तात्पर्य : ज्याचं वाटोळं केलं त्याच्या दारात आधी जाऊन उभे राहा, मग वेदीपाशी या; राख काय, कोणीही फासतं.