उजवा पीळ, डावा पीळ

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणज्यांचे पणजे रांगतही नव्हते तेव्हा, एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. एक उगवतीकडचं, एक मावळतीकडचं. उगवतीकर आपल्या देवाला उजवीकडून प्रदक्षिणा घालत. मावळतीकर आपल्या देवीला, म्हणजे आईला, डावीकडून. दोघांनाही चक्कर सारखीच येई, पण हे कोणी बोलत नसे.

नदीवर एक जाड दोर बांधलेला होता. तो धरून तराफा ओढत माणसं येत-जात. दर उन्हाळ्यात दोन्ही गावं वाळूत बसून नवा दोर वळत. उगवतीकर अंबाडीचे बारीक पेड वळत, देवाचं नाव घेत, उजवीकडे. मग तसले तीन पेड एकत्र करून मावळतीकर वळत, आईचं गाणं म्हणत, डावीकडे. दोर वर्षभर टिके. उगवतीकर म्हणत, आमच्या देवामुळे टिकला. मावळतीकर म्हणत, आमच्या आईमुळे. आणि दोघं एकाच परातीतला गूळ खात.

एका वर्षी उगवतीचा नैवेद्य तराफ्यावरून चालला होता. भर नदीत दोर तुटला. माणसं पोहून वाचली, पण नैवेद्य माशांना पावला.

उगवतीचा पुजारी कडाडला, "उलट्या पिळाचा दोर! देव कोपणार नाही तर काय होईल?"

मावळतीचा भगत कमी नव्हता. "आमची आई कंटाळली तुमच्या पेडांना!"

खरं सांगू? दोर उंदरानं कुरतडला होता. पण उंदराला विचारतो कोण? त्याला बिचाऱ्याला धर्मच नव्हता.

झालं! पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही गावांनी आपापला शुद्ध दोर वळला. उगवतीकरांनी पेडही उजवे वळले आणि दोरही उजवा. मावळतीकरांनी सगळंच डावं. दोर दिसायला सुरेख झाले. पण ताण बसला की पीळ उलगडे आणि तिन्ही पेड तीन वाटांनी जात. चार वेळा वळले, चार वेळा सुटले. मला डावं-उजवं कळायला बरीच वर्षं लागली, तरी एवढं मलाही कळलं असतं. या शहाण्यांना मात्र वाटलं, पलीकडच्यांनी करणी केली. मग गोफणी निघाल्या. इकडून धोंडे, तिकडून धोंडे. दोन्हीकडे डोकी फुटली आणि दोन्हीकडे तीच हळद लावली गेली.

नदी फुगली. आणि अशात पुजाऱ्याची लेक येसू, माहेरी पहिल्या बाळंतपणाला आलेली, एका सकाळी कळांनी तळमळू लागली. दुपार झाली तरी सुटका होईना. मूल आडवं आलं होतं.

असं मूल सरळ करणारी सुईण पंचक्रोशीत एकच होती, बयजा. राहायला मावळतीला. नवरा कोण? तोच तो भगत!

पुजारी धावत काठावर आला. कालपर्यंत ज्या तोंडानं शिव्या दिल्या, त्याच तोंडानं ओरडला, "बयजाबाई! माझी येसू जाते हो!"

बयजा पलीकडच्या काठावर आली, पदर खोचूनच. "तराफा आहे, दोर कुठाय? तुमचे उजवे पेड पडलेत ना वाळूत? तीन घ्या आणि डावीकडे वळा!"

"डावीकडे? अहो, प्रायश्चित्त घ्यावं लागेल मला!"

"घ्या की. नातवंड मांडीवर घेऊन निवांत घ्या!"

"पण तो दोर टिकेल?"

"चाळीस वर्षं दोन्ही काठांवर बाळंतपणं करतेय, बुवा. तुमचा एकट्याचा सुटतो, आमचा एकट्याचा सुटतो. दोघांचा मिळून कधी सुटला?"

पुजारी वाळूत बसला. गाव बसलं. पण साठ वर्षांची सवय! हात पुन्हा पुन्हा उजवीकडेच जाई. पुजाऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

इतका वेळ भगत झाडाआड रुसून बसला होता. बयजानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. नवरेमंडळींना हे पाहणं माहीत असेल. तो उठला, पाण्यात कमरेपर्यंत शिरला आणि ओरडला, "अहो बुवा, मुक्यानं नाही जमायचं ते! गाणं म्हणा, हात आपोआप वळेल!" आणि भसाड्या आवाजात त्यानं आपल्या आईचं गाणं धरलं:

"आई निघाली सोडून गाव,
लेकरू रडलं, घेतलं नाव,
आई माघारी वळली गं, डाव्या हाताला वळली."

मावळतीकरांच्या डाव्या प्रदक्षिणेचं कारण पुजाऱ्यानं जन्मात विचारलं नव्हतं. ते असं होतं तर! लेकरासाठी मागे वळलेली आई! त्यानं गाणं उचललं. हात डावीकडे वळला. मागोमाग सगळ्या गावाचे.

दोर झाला. कालच्याच गोफणीतून धोंडा सुटला, पण आज त्याला सुतळी बांधलेली होती. मावळतीकरांनी सुतळी ओढली, तिच्यामागून दोर आला. तराफ्यावर बयजा चढली. दोर कण्हला, ताणला, पण सुटला नाही.

दिवे लागायच्या आत येसूला मुलगी झाली. बयजा म्हणाली, पोरीच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, एक उजवा, एक डावा. मी काही पाहायला गेलो नव्हतो, तुम्हीही नव्हता. तेव्हा सुईणीचं ऐकावं आणि गप्प बसावं.

पुजाऱ्यानं प्रायश्चित्त घेतलं. डावीकडे वळल्याचं नाही, धोंडे मारायला लावल्याचं. भगतानंही घेतलं, बायको शेजारीच उभी होती ना. तेव्हापासून दोर वळायच्या दिवशी पहिला हातभर डावा पीळ पुजारी घालतो आणि पहिला उजवा पेड भगत वळतो. दोघांचंही वेडंवाकडं होतं. सगळे हसतात, मग गूळ वाटतात. कुणाचा देव मोठा, यावर भांडण अजून होतं, पण ते तराफ्यात शेजारी बसून.

तात्पर्य: देवाच्या नावानं धोंडाही फेकता येतो आणि दोरही. पलीकडच्या माणसाला जी आपल्याकडे आणते, तीच खरी भक्ती.