आधी फोटो उतरवते

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. पण हल्ली पेठेतल्या पोरींच्या खोल्यांत परदेशी बास्केटबॉलपटूंचे फोटो झळकू लागले होते. त्या पोरींसाठी पेठेतल्याच रेवती सरनाईकनं फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमीच्या मैदानात बास्केटबॉलची रिंग लावली, तसे तालमीचे अध्यक्ष हिंदुराव आबा भर बैठकीत कडाडले, "चेंडूला हात लावणाऱ्याला इथं जागा न्हाई! आजच्या आज रिंग काढ."

रेवती उठली आणि आबांच्या डोक्यावर भिंतीला टांगलेला मोठा फोटो उतरवू लागली.

"अगं, हे काय कराय लागलीस?"

"आबा, फायनलला दोन पेनल्टी अडवल्या म्हणून ज्याला तुम्ही खांद्यावर घेऊन नाचलात, तो हा गोलकीपर. यानं तर चेंडूला दोन्ही हात लावले होते. आधी याला काढते, मग रिंग."

बैठकीत खसखस पिकली. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"फोटो ऱ्हाऊ दे तिथंच," ते म्हणाले. "आणि ती रिंग जरा हलाय लागलीय, घट्ट बसवून घे."