पोपट लेंगऱ्याची फेरपरीक्षा

“बावीस वर्षं क्रेन चालवणाऱ्याला तुम्ही आता क्रेन शिकवणार, वस्ताद?”

पोपट लेंगरे कमरेवर हात ठेवून विचारत होता. वस्ताद बशीतला चहा फुंकत होते.

“शिकवणार कुठं... उजळणी घेणार.”

“विसरलोय काय मी?”

“ते मलाही अजून कळायचंय.”

कुपवाडच्या माळावर आमचं प्रशिक्षण केंद्र. केंद्र म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, एक ट्रक, त्याच्या पाठीवर बसवलेली क्रेन आणि दस्तगीर वस्ताद. ही क्रेन चालवायची तर कार्ड लागतं, आणि ठरलेली मुदत संपली की उजळणी करून, परीक्षा देऊन ते नवं करून घ्यावं लागतं. माझंही संपलं होतं, म्हणून मी बाकड्यावर मुकाट बसलो होतो. पोपटला मुकाट बसणं जमत नाही. जुना रोग आहे त्याचा.

पण त्या दिवशी त्याची घाई खोटी नव्हती. सोमवारी साखर कारखान्यात एक अवजड रोलर उतरवायचा होता. कार्ड नसलेल्या चालकाला तिथं फाटकातून आत घेत नाहीत. पोपट नाही गेला तर दुसरा कोणीतरी जाणार, आणि खाली उभं राहून हूकला साखळ्या अडकवणार होता पोपटचा धाकटा भाऊ, अर्जुन.

“त्याच्या डोक्यावर परक्या माणसाच्या हातातलं ओझं नको मला,” पोपट म्हणाला. “सही द्या, वस्ताद. मला तयार कुणी केलं? तुम्हीच ना?”

“म्हणून तर धाकधूक वाटते बाबा.”

...

परीक्षा सुरू झाली.

खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. पोपटनं ट्रकचे दोन्ही बाजूंचे लोखंडी पाय पुरते बाहेर काढले. जमीन टाचेनं दाबून बघितली, पायांखाली लाकडी फळ्या सरकवल्या. किती लांबीवर किती वजन पेलतं, तो तक्ता वाचला. मग ट्रकच्या कडेला उभा राहून त्यानं लिव्हर असा काही हलवला की एक टनाचा सिमेंटचा ठोकळा जमिनीवरून कधी सुटला ते समजलंच नाही.

वस्तादांनी दोन्ही हात आडवे पसरले.

आमच्या धंद्यात याचा अर्थ, थांब. आणि हा एक इशारा असा आहे, की तो कोणीही केला तरी थांबायचं. साहेबानं करो, नाहीतर झाडूवालीनं.

पोपट थांबला. “काय झालं?”

“काही नाही. चालू दे.”

ठोकळा वळला. पुन्हा हात पसरले. पुन्हा पोपट थांबला.

“आता काय?”

“काही नाही.”

तिसऱ्या वेळी पोपट हसला. “खांदे आखडलेत का, वस्ताद? तेल लावून चोळून देऊ?”

वस्तादही हसले. “चालू दे.”

चौथ्यांदा हात पसरले. पोपटनं वर बघितलं, खाली बघितलं. ठोकळ्याच्या वाटेत कोणी नव्हतं. मग थांबला.

वस्तादांनी हात खाली घेतले.

“ठोकळा खाली घे आधी,” ते म्हणाले.

पोपटनं घेतला. वस्ताद चालत त्याच्यापाशी आले. अंगठा आणि करंगळी ताणून त्यांनी हवेत वीत धरली. हात पसरल्यानंतर ठोकळा तेवढाच पुढं गेला होता. मग तीच वीत त्यांनी पोपटच्या डोक्यावर ठेवली, कपाळापासून टाळूपर्यंत.

“अर्जुनचंही डोकं एवढंच असेल ना रे?”

...

“पण तिथं काही नव्हतं, वस्ताद. मी बघितलं की.”

“बघितलंस खरं.”

“मग?”

“नापास.”

पोपट ट्रकच्या मागं जाऊन बसला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. मनात आलं होतं, जिरली बरी. पण त्याचं तोंड बघितलं आणि माझीच मला लाज वाटली.

“हात दिसले होते रे मला,” तो म्हणाला. “दिसले होते, आणि तरी...”



थोड्या वेळानं वस्ताद डबा घेऊन तिथंच मातीत बसले. भाकरीचे दोन तुकडे केले, मोठा पोपटपुढं केला. पोपटनं मान फिरवली.

“खा. अन्नावर राग नको.”

“तुमच्यावर आहे.”

“असू दे. खाऊन मग कर.”

पोपटनं तुकडा घेतला.

“पहिल्या वर्षी मी शिंकलो तरी तू थांबायचास,” वस्ताद म्हणाले. “बाकीची पोरं तुला येडं म्हणायची. मला तू फार आवडायचास.”

पोपटनं बाहीनं डोळे पुसले, आणि चटणी तिखट आहे म्हणाला.

...

चार वाजता पुन्हा क्रेन सुरू झाली.

ठोकळा उचलला, वळला. वस्तादांनी हात पसरले. ठोकळा जागच्या जागी उभा राहिला.

या खेपेला वस्ताद “चालू दे” म्हणालेच नाहीत. नुसते हात पसरून उभे राहिले. मिनिट गेलं. दोन गेली. सत्तरीतला माणूस, कोपर थरथरायला लागले. मला राहवेना, मी बाकड्यावरून उठलोसुद्धा. पोपटनं ना इकडं बघितलं, ना तिकडं. काय झालं म्हणून विचारलंही नाही. त्याची नजर वस्तादांच्या हातांवर होती, बस्स.

शेवटी हात खाली आले. ठोकळाही खाली आला.

वस्तादांनी शेडमध्ये जाऊन कार्डावर सही केली. पोपट पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला मधेच धरून उभा केला आणि खांदा थोपटला. “जा. अर्जुनला सलाम सांग.”

पोपट दारापर्यंत गेला आणि परत आला. बावीस वर्षं क्रेन चालवलेला जाणता गडी, पण तोंड पहिल्या दिवशीच्या उमेदवाराचं.

“एवढं सांगा, वस्ताद. मघाशी इतका वेळ थांबवलंत, ते कशासाठी?”

वस्तादांनी पेनाला टोपण लावलं.

“कारण सांगितलं, तर पुढच्या खेपेला तू त्याचीच वाट बघत बसशील.”